उडदाचे एकतीस दाणे

बोरटोला, ता. गोंडपिपरी
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय मंजू,

हे पत्र पवन कंडक्टरच्या हाती देते आहे. रुग्णालयाच्या फाटकावर मंजुषा सिस्टरलाच दे, दुसऱ्या कुणाला नको, असं त्याला बजावलं. तो काहीतरी बोलला आणि हसला. आजकाल पत्रं कोण लिहितं, असंच म्हणाला असावा. पण क्षयाच्या इंजेक्शनांनी माझे कान गेल्यापासून फोन माझ्या कामाचा राहिला नाही, आणि घरातला एकुलता मोबाइल आईंच्या कमरेच्या पिशवीत असतो. तुझं नाव त्यावर आलं की त्या काय करतात, ते तुला ठाऊक आहे.

तुझ्या दादाबद्दल तुला कुणी कळवलं नसेल. दसऱ्यानंतर ते चंद्रपूरला पंधरा दिवस भरती होते. हृदय मोठं झालं आहे म्हणाले. पायाला सूज, दोन पावलं चाललं की धाप. आता घरी आहेत. गोळ्यांची पिशवी खुंटीला टांगली आहे. धान कापून शेतातल्या बांधीत पडलं आहे, भारे आणायचे आहेत, आणि बापूराव, तुझे दादा, दिवसभर अंगणात खाटेवर झोपलेले. गाव म्हणतं, झोपू द्या, आजारपण झोपेनंच उतरतं.

त्यांचं घोरणं तुला आठवत असेल. मचाणावर ते असले की डफडं वाजवावं लागत नाही, डुकरं आपोआप पळतात, असं लोक चिडवायचे. वीस वर्षं त्या आवाजावर मी चरफडले. आता तो ऐकू येत नाही तर करमत नाही. म्हणून झोपताना त्यांच्या छातीवर हात ठेवायची सवय लागली. माणूस जवळ आहे एवढं तरी हाताला कळतं.

पण मंजू, गेले काही दिवस हाताला वेगळंच कळतं आहे. छाती वर ओढली जाते, पोट आत जातं, पुन्हा ओढली जाते, जोर लावून. आणि नाकापुढे दुसरा हात धरला तर वारा नाही. काहीच नाही. मग एकदम धक्का बसल्यासारखं अंग हलतं आणि वारा सुरू होतो. त्यांना स्वतःला कळतही नाही.

आईंना सांगितलं. त्यांचे ओठ मला वाचता येतात. म्हणाल्या, "दणक्यानं घोरून राह्यला, तुले काय दिसते? निजल्या माणसाले उठवू नये. जीव रानात फिराले गेला असते, वाट चुकते त्याची." स्वतःच्या झोपेच्या गोळीतली अर्धी त्या आता यांना देतात. पोराला आराम पडावा म्हणून.

तू रोज आजारी माणसं पाहतेस. हे असं असतं का? एवढंच सांग.

तुझी वहिनी
रीता


गडचिरोली
२४ नोव्हेंबर २०२४

ती. वहिनींस नमस्कार.

पत्र मिळालं. दादाचं कळलं. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या वेळेवर द्या, मीठ कमी करा, पायाची सूज वाढली तर दाखवून आणा.

झोपेचं म्हणाल तर काळजी करू नका. आजारी माणूस जास्त झोपतो. घोरणारा माणूस अधूनमधून थांबतो, त्यात नवल नाही. हाताला भास होतात. तुम्ही स्वतः वर्षभर औषधं खाऊन उठला आहात, तुमचं वजन अजून भरलेलं नाही. त्यांच्या छातीवर हात ठेवून जागत बसलात तर तुम्हीच पुन्हा आजारी पडाल. हात काढा. वेगळ्या खोलीत झोपा. त्यांनाही झोपू द्या.

मला येणं जमणार नाही. सुट्टी नाही, आणि सुट्टी असती तरी त्या घरात मला कोण बोलावतं? माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली, दिनेशला जाऊन दोन. दोन्ही वेळा बोरटोल्याहून कुणी आलं नाही. दिनेश गेला तेव्हा तुम्ही स्वतः खाटेवर होतात, तुमच्यावर राग नाही.

मी बरी आहे. रात्रपाळी मागून घेते. वॉर्डात रात्रीही माणसांचा आवाज असतो, ते मला बरं वाटतं. दिवसा खोलीवर रेडिओ लावून पडते. घरमालकीण बाई म्हणते, झोपेत कोणी बातम्या ऐकते का? मी हसून घेते.

दादाला मी विचारलं म्हणून सांगू नका.

मंजुषा


बोरटोला
४ डिसेंबर २०२४

प्रिय मंजू,

तुझं ऐकलं. आठ दिवस ओसरीच्या खोलीत झोपले. आईंना बरं वाटलं. सासूचं नाही पण नर्सचं ऐकलं, असं त्या शेजारणीला म्हणताना मी पाहिलं. यांना देतात ती गोळी आता अर्धीची पूर्ण झाली आहे.

तू हात काढ म्हणालीस. डोळे काढ म्हणाली नाहीस.

काल दुपारी उडीद निवडत बसले होते. समोर खाटेवर हे उताणे झोपलेले, तोंडावर ऊन. पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखं तोंड उघडायचं, मिटायचं. बरगड्या आत जायच्या. ओठ आधी जांभळे, मग काळपट. आणि मग तो धक्का. अंगणात आई होत्या, कोंबड्या होत्या, भारे आणणारी दोन माणसं चहा पीत होती. कुणीही मान वळवून पाहिलं नाही. त्यांना आवाज येत होता, तो थांबत होता, पुन्हा येत होता. आवाज पुन्हा येतोच, म्हणून कुणी पाहत नाही. मला आवाज नाही, मंजू. मला फक्त माणूस दिसतो.

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला होता. मी ठरवलं, दर वेळी श्वास अडला की एक दाणा वेगळा काढायचा. दोन वाजेपर्यंत मी सूप खाली ठेवलं नाही.

ते दाणे या पाकिटात घातले आहेत. कागदाची पुडी जपून सोड, बारीक आहेत. मोजून बघ. हे भास असतील तर फोडणीला टाक.

जागेपणी ते बरे असतात असंही नाही. सकाळी डोकं धरून बसतात. जेवता जेवता घास हातात घेऊन डुलकी लागते. परवा मला म्हणाले, "एवढा निजतो, तरी निजल्यासारखं वाटत नाई वो." माझ्याकडे तोंड करून, सावकाश. मला कळावं म्हणून ते नेहमी तसंच बोलतात. कान गेल्यापासून या घरात तेवढे एकटेच.

रीता


गडचिरोली
६ डिसेंबर २०२४, सकाळ

वहिनी,

हे पत्र पवनजवळ आजच्याच गाडीने देते आहे. संध्याकाळी मिळेल. मिळाल्याबरोबर वाचा, मग हातातलं काम करा.

एकतीस आहेत. मी तीनदा मोजले. वॉर्डातल्या डॉक्टरबाईंच्या टेबलावर पांढऱ्या कागदावर ओतले आणि तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, "हे एका तासाचे?" मी हो म्हटलं. त्यांनी लगेच खाट धरून ठेवायला सांगितली.

त्यांनी सांगितलं तेच लिहिते. झोपेत दादाच्या घशातली वाट मिटते. छाती ओढते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून त्याला अर्धवट जागा करतो, वाट उघडते. धडधाकट माणूस हे वर्षानुवर्षं रेटतो. दादाचं हृदय आधीच थकलेलं आहे. त्याला दर तासाला एकतीस वेळा कोणी पाण्यात बुडवून काढावं, तसं चाललं आहे. आणि झोपेची गोळी त्या जागं करणाऱ्यालाच झोपवते. मग एखाद्या वेळी धक्का बसतच नाही.

म्हणून आजपासून ती गोळी बंद. मोहाची दारूही नाही, घोटभरसुद्धा नाही. हृदयाच्या गोळ्या मात्र चालू ठेवा. उताणा झोपू देऊ नका, कुशीवर वळवा, डोकं आणि खांदे उंच ठेवा. श्वास अडलेला दिसला की उठवा. आई काही म्हणो. उद्या सकाळी त्याला इकडे घेऊन या. एसटीने नाही, रुग्णवाहिकेने. पवनला सांगितलं आहे, तो फोन करून देईल.

मी काल फोन लावला होता. आईने उचलला. सहा वर्षांनी तिचा आवाज ऐकला. मी म्हटलं, दादाला उठव, तो श्वास घेत नाही झोपेत. ती म्हणाली, "निजला हाये. उठवत नाई." आणि ठेवला. पुन्हा लावला तर बंद. त्या घरात माझं ऐकणारं तुमच्याशिवाय कुणी नाही, वहिनी.

मागचं पत्र मी चुकीचं लिहिलं. गोळीचं तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं. न कळून चुकले नाही. का, ते आत्ता लिहिता येत नाही.

हात परत ठेवा.

मंजुषा


बोरटोला
२ जानेवारी २०२५

प्रिय मंजू,

तुझ्या वॉर्डात आम्ही सोळा दिवस होतो. मग नागपूरची तपासणी, मग झोपेत श्वासाची वाट उघडी ठेवणारं ते यंत्र. एवढे दिवस तू माझ्यासमोर होतीस आणि आपण धड दहा वाक्यं बोललो नाही. तुझी पाळी, माझे कान, आणि तुझ्या दादाचं तोंड सारखं भिंतीकडे. त्यामुळे त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं.

तुझं पत्र आलं तेव्हा दिवेलागण होती. आई नुकत्याच गोळी देऊन उठल्या होत्या. हे उताणे पडले होते. मी जाऊन हात ठेवला. छाती ओढत होती. मी वाट पाहिली, धक्का आता बसेल. बसला नाही. छातीचं ओढणंही हळू होत गेलं. मी खांद्याला धरून हलवलं. आईंनी माझं मनगट धरलं. त्यांच्या बोटांत इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं. "झोपू दे ना वो त्याले," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, रडत. वाईट मनानं नाही, मंजू. त्यांना खरंच वाटत होतं की मी त्यांच्या पोराचा जीव रानात हरवून टाकते आहे.

मी त्यांना ढकललं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. तांब्यातलं पाणी यांच्या तोंडावर ओतलं आणि जोरानं कुशीवर वळवलं. तेव्हा कुठे मोठा श्वास आला. डोळे उघडले, पण नजर स्थिर व्हायला वेळ लागला. मग म्हणाले,

"काऊन उठवलं? मरून राह्यलो का मी?"

मी मान हलवली. हो म्हणून.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग उठून भिंतीला टेकून बसले. उजाडेपर्यंत आम्ही तसेच बसलो. डुलकी येईल तसं मी उठवत राहिले. जुन्या बंडीच्या पाठीवर एक कवठ कापडात बांधून शिवलं, उताणं होता येऊ नये म्हणून. तीच बंडी घालून ते तुझ्या वॉर्डात आले. तू ती काढताना कवठ हातात घेऊन उभी राहिली होतीस.

आता घरचं. पहिल्या दुपारी यांनी तो मुखवटा लावला, नळी जोडली. आई म्हणाल्या, सोंड दिसते. हे म्हणाले, "गडचिरोलीत हत्ती आले, एक बोरटोल्यालेही आला समज." आणि झोपले. मी हात ठेवला. छाती वर, खाली. वर, खाली. ओढणं नाही. दोन्ही डोळे भरून आले, पण हात काढला नाही.

तेवढ्यात आई आतून धावत आल्या. घरात घोरण्याचा आवाज नव्हता ना, त्यांना वाटलं, गेला. त्यांनी स्वतः यांना गदागदा हलवून उठवलं. हे मुखवटा बाजूला करून म्हणाले, "माय, आता तं खरंच रानात गेलो होतो. वाट चुकवली तुनं." आई खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून हसल्या की रडल्या, मला कळलं नाही.

इथे वीज जाते, तेवढी एक भीती आहे. यंत्राची थरथर नळीतून माझ्या हाताला येते. ती थांबली की मला जाग येते.

एक विचारायचं आहे. वॉर्डात एका दुपारी मी पाणी घेऊन आले तेव्हा तू त्यांच्या खाटेशी उभी होतीस. ते झोपले होते. तुझा हात त्यांच्या छातीवर होता, माझ्यासारखाच, आणि डोळे मिटलेले. मला पाहून तू हात काढलास. तो हात कुणासाठी ठेवला होतास?

रीता


गडचिरोली
६ जानेवारी २०२५

वहिनी,

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. आजवर कुणी विचारलं नव्हतं.

दिनेश धानोऱ्याकडचा, आश्रमशाळेत शिकवायचा, हे तुम्हाला माहीत आहे. तो गोंड, म्हणून आपल्या घराची दारं मला मिटली, हेही. तो कसा होता ते मात्र घरात कुणाला माहीत नाही. अंगानं जाड, मानेनं आखूड, आणि घोरणं दादाच्या तोडीचं. मी कानात कापूस घालून झोपायचे. तो म्हणायचा, तुझ्या माहेरची आठवण यावी म्हणून घोरतो.

न्यूमोनिया झाला. दहा दिवस भरती होता, बरा होऊन घरी आला. अशक्त होता, खोकत होता, झोप येत नाही म्हणायचा. मी झोपेची गोळी दिली. डॉक्टरांना विचारलं नाही. मी नर्स आहे ना.

मी रात्रपाळी करून आले होते. दुपारी दोघंही पडलो. तो घोरत होता. माझं डोकं दुखत होतं. कापूस सापडेना. मी मनात म्हटलं, देवा, थोडा वेळ तरी थांबू दे याला. आणि आवाज थांबला. मला बरं वाटलं, वहिनी. इतकं बरं वाटलं, की त्या बरं वाटण्यातच मला झोप लागली. चार वाजता चहाला उठवायला गेले.

कागदावर हृदय बंद पडलं असं आहे. कुणी पुढे विचारलं नाही. बोरटोल्याहून कुणी आलंच नाही, म्हणून कुणाशी खोटंही बोलावं लागलं नाही.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं आणि मला सगळं कळलं. तुम्ही हाताने जे पाहिलंत ते खरं असेल, तर दिनेशचंही तेच होतं. माझ्या शेजारी, हातभर अंतरावर. ते मला खरं व्हायला नको होतं. म्हणून तुम्हाला लिहिलं, हात काढा. दादाचा जीव मी माझ्या मनाच्या समाधानासाठी आठ दिवस टांगून ठेवला.

तो थांबलेला आवाज अजून माझ्या खोलीत आहे. म्हणून रेडिओ. म्हणून रात्रपाळी. दादाच्या छातीवर हात ठेवला, तो कुणासाठी होता, मला नाही सांगता येत. फक्त हाताला कळलं, की एवढंच करायचं होतं.

हे पत्र फाडून टाका.

मंजुषा


बोरटोला
१४ जानेवारी २०२५

प्रिय मंजू,

पत्र फाडलं नाही. तुझ्या दादाने विचारलं, कुणाचं आहे. मी त्यांच्या हातात दिलं. तुला न विचारता दिलं, त्याचा राग करायचा असेल तर माझ्यावर कर.

त्यांनी उन्हात बसून वाचलं. बराच वेळ लागला. दोनदा चष्मा पुसला. आई दारात उभ्या होत्या, त्यांना काही सांगितलं नाही. मग माझ्याकडे तोंड करून, मला कळावं असं सावकाश म्हणाले, "जावई कितीक वर्षांचा होता?"

सहा वर्षांत या घरात त्याला कुणी जावई म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, अडतीस. त्यांनी पत्राची घडी घातली, जशी होती तशीच, आणि बंडीच्या खिशात ठेवली. पुढे त्यांचे ओठ हलले, पण तोंड दुसरीकडे होतं. मी पुन्हा विचारलं नाही.

संध्याकाळी आईंनी मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. तुझं नाव दाखवलं. मी कानाकडे बोट केलं, मी काय बोलणार? त्या म्हणाल्या, "विचार ना तिले. येते का थे?" फोन माझ्या हातात ठेवून आत गेल्या. त्यांना स्वतःला विचारवत नाही. म्हणून मी हे लिहिते आहे.

आता माझं एक. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तू हात काढ म्हणालीस, ते मी तू सांगितलंस म्हणून ऐकलं, असं तुला वाटतं. मी थकले होते, मंजू. ओसरीच्या खोलीत पहिल्याच रात्री मला अशी गाढ झोप लागली, जशी आजारपणानंतर कधी लागली नव्हती. सकाळी उठून मला पहिल्यांदा त्यांची नाही, माझ्या झोपेची आठवण झाली. दुसऱ्या रात्री मी लवकर गेले. आठही रात्री मला बरं वाटलं. त्या आठ रात्रींत ते गेले असते तर? ते राहिले, एवढाच तुझ्यामाझ्यात फरक आहे. तो मी केलेला नाही.

त्यामुळे तुझा गुन्हा मोजायला मला बसवू नकोस. माझ्या सुपात तसे दाणे नाहीत.

इकडे धान चुरून मळणी आटोपली. यांची सूज उतरली आहे. काल बांधीपर्यंत चालून आले, परत येताना बसावं लागलं, पण आले. डॉक्टरबाई म्हणाल्या तसं हृदय पूर्वीसारखं होणार नाही, हे त्यांना माहीत आहे. मलाही.

तू ये. पवनच्या गाडीने ये, तो फाट्यावर उतरवील. रेडिओ आणू नकोस. ओसरीच्या खोलीत तुझी खाट टाकली आहे, दुपारी तिथे ऊन येतं. तू जेव आणि झोप. घरात सगळे गप्प असले तरी घाबरू नकोस. मला तशीही शांतताच असते, मी तीत वावरायला शिकले आहे.

तू झोपलीस की मी उशाशी बसेन. तुझ्या पाठीवर हात ठेवीन आणि तू उठेपर्यंत काढणार नाही.

तुझी वहिनी
रीता